दातखीळ, ‘बाहेरचं’ आणि संमोहन : एका मामाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. भाची १७ वर्षांची, बारावी सायन्सला. दिवाळीपासून तिला झटके येतात. दातखीळ बसते, डोळे मिटतात, हातपाय ताठ होतात, मान दोन्ही बाजूंना हलते. कधी २० मिनिटं, कधी अर्धा तास. डोक्याचा एमआरआय नॉर्मल आला. आजीचं म्हणणं, भरदुपारी चिंचेखालून आली अन् तिथंच धरलं. तालुक्याला एक संमोहनवाले बसतात. ते ‘मनाच्या आत जाऊन’ कारण काढून देतो म्हणतात, मागचा जन्म दाखवतो म्हणतात, कोणी केलं तेही पोरीच्याच तोंडून वदवतो म्हणतात. ११ हजार आगाऊ. मामा विचारतात : संमोहन खरं असतं का? पोरगी त्या माणसाच्या ताब्यात तर जाणार नाही? आणि जमलंच तर भाऊजींचा खर्राही (तंबाखू-सुपारीचा) याच रस्त्यानं सुटेल का?

भाऊ, संमोहन खरं आहे. भाचीला त्याचा उपयोग होण्याची शक्यताही बरी आहे. पण त्या माणसाकडे तिला नेऊ नका आणि पैसे तर मुळीच भरू नका. का, ते सविस्तर सांगते. नुसतं ‘मॅडम नाही म्हणाल्या’ एवढ्यावर घरची म्हातारी माणसं ऐकायची नाहीत, आणि त्यांनी ऐकावं तरी का?

संमोहनाच्या आधी झटक्यांचं पाहू. एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते, त्यात चालणारी वीज दिसत नाही. फेफरं असलेल्या कितीतरी माणसांचा एमआरआय अगदी स्वच्छ येतो. वीज ईईजीत, म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेल्या आलेखात, दिसते; पण झटका नसताना काढलेला ईईजीही नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाहेरचं’ हे गणित चुकीचं, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पोरगी नाटक करते’ हे त्याहून चुकीचं. निदान होतं ते बहुतेक झटक्याच्या वर्णनावरून. फेफऱ्याचा मोठा झटका साधारण एक ते तीन मिनिटांत आटोपतो. त्यात डोळे बहुधा उघडे असतात, जीभ कडेला चावली जाते, कपड्यात लघवी होऊ शकते आणि नंतर बराच वेळ माणूस भ्रमिष्टासारखा असतो. तुम्ही लिहिलेलं चित्र निराळं आहे. घट्ट मिटलेले डोळे, दोन्ही बाजूंना हलणारी मान, अर्ध्या तासाचा काळ. हे मनावरच्या ताणातून येणाऱ्या झटक्यांकडे बोट दाखवतं. मानसोपचारात आम्ही त्यांना डिसोसिएटिव्ह झटके म्हणतो. मेंदूतली वीज भडकलेली नसते, पण पोरीचा शरीरावरचा ताबा मात्र खरोखर सुटलेला असतो. ती ठरवून काही करत नाही.

तरीही पत्र वाचून मी शिक्का मारणार नाही. काही रुग्णांना दोन्ही प्रकारचे झटके असतात. पुढच्या वेळी झटका आला की मोबाइलवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा, चेहरा नीट दिसेल असा. डॉक्टरला त्या व्हिडिओचा उपयोग एमआरआयपेक्षा जास्त होईल. तिला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, दातांत चमचा घालू नका, नाकाला कांदा अन् चप्पल लावू नका. आणि गर्दी हटवा. खरोखरच्या फेफऱ्याचा झटका पाच मिनिटांच्या वर लांबला तर ती आणीबाणी असते. निदान पक्कं होईपर्यंत लांबलेल्या झटक्याला दवाखान्यातच न्यायचं, भगताकडे नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न.

संमोहनात माणूस झोपत नाही. आवाज ऐकतो, उत्तर देतो, अंगावर माशी बसली तर हाकलतो. होतं एवढंच की लक्ष एका ठिकाणी इतकं एकवटतं की बाकीचं मागे पडतं, आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना ‘मी केली’ अशी न वाटता ‘आपोआप झाली’ अशी वाटते. हात हलका होतो म्हटलं की हात उचलला जातो, आणि त्या माणसाला तो आपण उचलल्यासारखा वाटतच नाही. यातली पहिली पायरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. खंजिरीच्या भजनात रंगलेल्याला डास चावल्याचं कळत नाही. रात्री वावरातून दुचाकीवर घरी येणाऱ्याला मधलं वळण कधी गेलं ते आठवत नाही.

ही ताकद कोणाची, संमोहन करणाऱ्याची की होणाऱ्याची, या प्रश्नावर युरोपात शंभर वर्षं भांडण झालं. ते थोडं सांगते, कारण तुमच्या चिंचेच्या झाडाचं उत्तर त्यात आहे. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आला. माणसाच्या अंगात एक अदृश्य चुंबकी प्रवाह असतो, तो अडला की आजार होतो आणि मी तो मोकळा करतो, असा त्याचा दावा. त्याच्याकडे लोकांना झटके यायचे, रडू कोसळायचं, आणि मग बरं वाटायचं. त्याच्या चेल्यांनी तर झाडांतही हा प्रवाह भरायला सुरुवात केली. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. पॅरिसजवळ पासी इथं फ्रँकलिन यांच्या बागेत एका झाडात ‘प्रवाह’ भरला गेला आणि एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला, पण भलत्याच झाडाशी. ज्यात प्रवाह भरला होता ते झाड दूरच राहिलं. समितीनं लिहिलं की प्रवाह वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे.

आजीला ही गोष्ट सांगून पाहा. त्या पोराचं पडणं खोटं नव्हतं. फक्त झाडानं काही केलं नव्हतं.

मात्र समितीनं ‘कल्पना’ म्हणून विषय मिटवला, तो मिटण्यासारखा नव्हता. नुसत्या कल्पनेनं माणूस बेशुद्ध पडतो तर ती कल्पना केवढी जोरकस असेल! हा धागा आपल्या शेजारच्या माणसानं पकडला. गोव्यातल्या कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला पाद्री, आबे फारिया. १८१३ पासून पॅरिसमध्ये तो जाहीर प्रयोग करायचा. त्याचं सांगणं होतं की माझ्यात काही नाही, समोर बसलेल्यात सगळं आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. गोव्याला फिरायला गेलेले लोक त्याच्यापुढे फोटो काढतात, पण तो कोण होता ते फार थोड्यांना ठाऊक असतं. पुढे मँचेस्टरचा शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यानं १८४१ मध्ये एका मेस्मरवाल्याचा खेळ पाहिला आणि नजर एका वस्तूवर खिळवून कोणत्याही प्रवाहाशिवाय तीच अवस्था आणता येते हे दाखवलं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी तर तुमच्या भाचीसारख्याच झटक्यांच्या रुग्णांना भरल्या सभागृहात संमोहित करून दाखवलं. संमोहित होणं हेच मुळी आजाराचं लक्षण, असं त्यांचं मत होतं. नान्सी गावच्या बर्नहाइम यांनी ते खोडून काढलं : ही धडधाकट माणसाचीही क्षमता आहे. आज आम्ही बर्नहाइमच्या बाजूला आहोत. शार्कोंच्या सभागृहातून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. बघायला लोक असले की असे झटके वाढतात आणि ठरावीक साच्यात येऊ लागतात. म्हणून वर गर्दी हटवा म्हटलं. पोरीला झटका आला की अंगणात आळी गोळा होते, कोणी लिंबू आणतं, कोणी अंगारा लावतं, कोणी तिच्याशी ‘आत आलेल्याशी’ बोलतं. दिवाळीपासून हे चाललं असेल तर तुमच्या घरात नकळत संमोहनच चालू आहे, तेही उलट्या दिशेचं. ‘तुझ्या अंगात दुसरं कोणी आहे’ ही सूचना रोज दिली जाते आहे.

ताब्यात जाण्याची भीती बहुतेकांना गॅदरिंगमधल्या खेळावरून बसलेली असते. स्टेजवर पोरं कांदा सफरचंद म्हणून खातात. त्या खेळाचं गुपित निवडीत आहे. खेळवाला आधी सगळ्या सभागृहाला हाताची बोटं एकमेकांत गुंतवायला सांगतो, ‘आता सुटणार नाहीत’ म्हणतो आणि ज्यांची खरोखर सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतो. संमोहित होण्याची क्षमता सगळ्यांची सारखी नसते. साधारण १० ते १५ टक्के लोक खूप सहज जातात, जवळपास तेवढेच मुळीच जात नाहीत, बाकीचे मधले. ही क्षमता बरीचशी कायमची असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात तपासलेल्या विद्यार्थ्यांना २५ वर्षांनी पुन्हा तपासलं, तर त्यांचे गुण पुष्कळसे तसेच निघाले. सहज जाणं म्हणजे मन कमकुवत, असंही नाही.

तेव्हा वशीकरण असं काही नसतं. संमोहनातला माणूस नको असलेली सूचना झटकून टाकतो, हवं तेव्हा डोळे उघडून उठतो. पण एवढं म्हणून मी थांबत नाही. बरीच पुस्तकं इथं थांबतात आणि वाचणाऱ्याला खोटा धीर देतात. १७ वर्षांची घाबरलेली पोरगी, बंद खोली, ‘मीच तुला बरी करणार’ म्हणणारा पुरुष आणि बाहेर ओट्यावर हात जोडून बसलेले आईबाप. इथं गैरफायदा घ्यायला संमोहन लागतच नाही, विश्वास पुरतो. संमोहन कोणीही करो, मीसुद्धा, मुलीसोबत तिला हवी ती बाईमाणूस खोलीत किंवा दाराशी असली पाहिजे, आणि पालकांच्या संमतीइतकीच तिची स्वतःची संमती हवी. याला जो नाही म्हणतो त्याच्याकडून उठून यायचं.

सगळ्यात धोक्याची गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत आली आहे : कोणी केलं ते तो तिच्या तोंडून वदवतो. भाऊ, संमोहनात आठवण स्वच्छ होत नाही. उलट तिच्यात भर पडते. माणूस जास्त तपशील सांगतो, जास्त खात्रीनं सांगतो आणि त्यातलं खरं किती ते त्यालाही ओळखता येत नाही. विचारणाऱ्याच्या प्रश्नात जे असतं ते उत्तरात येतं. मागच्या जन्माचंही तसंच. ज्याला विचारला जातो त्याला मागचा जन्म ‘दिसतो’, ऐकलेल्या कहाण्या अन् पाहिलेल्या सिनेमांच्या तुकड्यांतून तो तयार होतो. मागच्या जन्माच्या गोष्टीनं निदान शेजारी तरी मरत नाही. पण ‘कोणी केलं?’ या प्रश्नाला पोरगी कोणाचं नाव घेईल? घरात ज्या नावाची कुजबुज आहे त्याच. गल्लीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी, धुऱ्यावरून वाद असलेला चुलता. २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथं भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह काही जणांना बांधून मारहाण झाली होती. ते गाव काही वेगळ्या माणसांचं नाही. तुमच्या भाचीनं डोळे मिटून एक नाव घेतलं तर त्या नावाच्या माणसाचं काय होईल, आणि ते नाव घेतल्याचं ओझं ती जन्मभर कसं वाहील, याचा विचार ११ हजार घेणारा करणार नाही.

नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, चटके देणं, साप-विंचू चावल्यावर उपचारापासून अडवणं हे त्याखाली गुन्हे आहेत. त्यासाठी पोलिसांत दक्षता अधिकारी असतो. प्रकरण कोणाच्या अंगावर जायला लागलं तर वाट पाहू नका.

मग मी काय करते? पहिल्या भेटीत संमोहन करत नाही. आधी पोरीशी एकटीशी बोलते. घरच्यांना ते आवडत नाही, पण तेवढं बाहेर बसावं लागतं. झटका पहिल्यांदा आला त्याच्या आदल्या आठवड्यात काय घडलं, हा प्रश्न मी कधी सोडत नाही. कधी चाचणी परीक्षेत नापास झाल्याचं घरी सांगितलेलं नसतं. कधी बारावीनंतर लग्न उरकायची बोलणी सुरू झालेली असतात आणि तिला शिकायचं असतं. कधी एसटी स्टँडवर रोज त्रास देणारं पोट्टं असतं, आणि सांगितलं तर शाळाच बंद होईल अशी भीती. क्वचित त्याहून वाईट असतं, घरातल्याच कोणाचं वागणं. तिचं वय १८ च्या आत असल्यानं असं काही निघालं तर पोक्सो कायद्याखाली मला ते कळवावंच लागतं. हे मी तिला आधीच सांगून ठेवते. पुष्कळदा यातलं एकही नसतं, नुसता अनेक महिन्यांचा ताण साचलेला असतो. तोंडानं ‘मला नाही झेपत’ म्हणायची सोय ज्या घरात नसते तिथं ते शरीर म्हणतं.

निदान झालं की ते तिला आणि घरच्यांना एकत्र बसवून सांगते : हा आजार आहे, खरा आहे, जीवघेणा नाही, नाटक नाही, आणि फेफऱ्याच्या गोळ्यांनी जात नाही. एवढ्या स्पष्ट सांगण्यानंच काही रुग्णांचे झटके कमी होतात. मग संमोहन, पण त्याचा अर्थ इथं असा की झटक्यात जो ताबा सुटतो तो हातात घ्यायची तालीम. ज्यांना असे झटके येतात त्यांच्यातल्या पुष्कळांना लक्ष हरपण्याची ही अवस्था सहज लागते. तीच क्षमता तिच्या उपयोगी आणायची.

पद्धत अगदी साधी. खुर्चीवर बसवते, झोपवत नाही. भिंतीवरच्या एका ठिकाणाकडे पाहायला सांगते, श्वास सोडताना खांदे सोडायला सांगते. हात हलका होण्याची सूचना देते. पुस्तकी मराठीत ‘आपले शरीर शिथिल होत आहे’ म्हटलं की इकडच्या पोरी हसतात, आणि बरोबरच आहे. ‘अंग ढिलं सोड. हात पाह्य बरं, आपोआपच वर येऊन राह्यला’ असं म्हटलं की काम होतं. मग तिला तिच्या ओळखीच्या, निवांत जागी नेते.

या जागेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण शिबिरं घेणारे इथंच घसरतात. पाठ केलेल्या मजकुरात समुद्रकिनारा असतो. आमच्या रुग्णांपैकी कितीतरी जणांनी समुद्र पाहिलेला नाही. त्याच मजकुरात खोल जाण्यासाठी पायऱ्या उतरत जायच्या असतात, दहा, नऊ, आठ. आमच्याकडे खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या म्हटल्या की बाईच्या डोळ्यांपुढे विहीर येते. या भागात कोणी विहिरीत जीव दिलेला आहे अशी घरं कमी नाहीत. त्या सूचनेवर दचकून, धाप लागून डोळे उघडणारे रुग्ण मी पाहिलेत. म्हणून मी कोणालाही खाली नेत नाही. मचाणावर चढवते. जागलीच्या रात्रीचा थंड वारा, खाली पसरलेली तूर, लांबवर कोणाच्या तरी वावरातला दिवा. नाहीतर अंगणात कडुनिंबाखालची बाज. ज्यांना रानडुकरांच्या धास्तीनं जागल नको वाटते त्यांना माहेरचं स्वयंपाकघर चालतं. विचारूनच ठरवायचं असतं, आणि ते विचारायला दहा मिनिटं जातात. चारशे माणसांच्या सभागृहात माइकवरून कोण कोणाला विचारणार?

त्या अवस्थेत झटक्याची सुरुवात कशी होते ते ती मला हळूहळू दाखवते. बहुतेकींना आधी काहीतरी जाणवतं : छातीत धडधड, कानात आवाज, बोटांना मुंग्या. त्या खुणेवर काय करायचं ते शिकवायचं. एका हाताची मूठ घट्ट, सगळा ताण त्या मुठीत, मग श्वासाबरोबर मूठ उघडायची आणि आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. दोन-तीन भेटींत हे जमलं की मी बाजूला होते. ती घरी रोज सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं स्वतःच करते, स्वसंमोहन. माझ्यावाचून जमायला लागलं की उपचार पुढे गेला असं मी धरते. ज्याच्याकडे दर अमावस्येला पुन्हा जावं लागतं तो बरं करत नाही, गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

सोबत समुपदेशन चालू राहतं. ज्या कारणानं ताण आला ते कारण घरानं बदलायचं असतं. लग्नाची बोलणी थांबवायची असतील तर ती तुम्ही, मामानं, थांबवायची. आमच्याकडे मामाच्या शब्दाला घरात वजन असतं, ते इथं वापरा. संमोहन ही सुई आहे, सलाईन नव्हे. तिच्यातून काय द्यायचं ते आजार ओळखणाऱ्यालाच कळतं.

संमोहनाचा बाकी उपयोग कुठं होतो, तेही विचारलंच आहे तर सांगते. सगळ्यात भक्कम काम दुखण्यावर झालेलं आहे. जेम्स एस्डेल नावाचा डॉक्टर १८४५ पासून बंगालमध्ये हुगळीला, भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरात यायच्या आधी, मेस्मरच्या पद्धतीनं रुग्णांना त्या अवस्थेत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया करत असे. त्यातल्या पुष्कळ अंडवृद्धीच्या गाठींच्या होत्या, हत्तीरोगातून होणाऱ्या. गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याकडच्या लोकांना त्या काय असतात ते सांगायला नको. नंतर ईथर आणि क्लोरोफॉर्म आले, आणि ते आले ते बरंच झालं, कारण ते सगळ्यांवर चालतात, संमोहन सगळ्यांवर चालत नाही. पण वेदना कमी होते ती नुसती ‘समजूत’ नाही. १९९७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी लोकांचा हात चटके बसतील इतक्या गरम पाण्यात ठेवला आणि संमोहनात ‘त्रास कमी होतोय’ किंवा ‘वाढतोय’ अशा सूचना दिल्या. मेंदूत वेदनेचा जाच ज्या भागात नोंदला जातो तिथलं काम सूचनेप्रमाणं बदललं. वेदना कुठं, किती, हे नोंदणारा भाग मात्र तसाच राहिला. जळालेल्या बाईचं ड्रेसिंग बदलताना मी हे वापरते. वेदनाशामक औषध दिलेलंच असतं, पण पट्टी सुटताना जो जीव जातो तो पुष्कळ आवरतो. दात काढताना, इंजेक्शनची धास्ती असताना, बाळंतपणातही उपयोग होतो.

पोटाचं एक दुखणं आहे, आयबीएस. वर्षानुवर्षं पोट फुगणं, मुरडा, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, सोनोग्राफी दरवेळी नॉर्मल. १९८४ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टर व्हॉरवेल यांनी औषधांना न जुमानणाऱ्या अशा रुग्णांवर संमोहनाचा नीट तुलना करून प्रयोग केला आणि फरक मोठा निघाला. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत वर्षभर औषधं घेऊनही बरं न वाटणाऱ्यांसाठी याचा उल्लेख आहे. आपल्याकडे असा रुग्ण गॅसच्या गोळ्या अन् सलाईनवर हजारो रुपये घालतो. चिंता, परीक्षेची धास्ती यांनाही फायदा होतो.

कुठं वापरायचं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ज्याला कानात आवाज येतात, कोणीतरी मागावर आहे वाटतं, त्याला संमोहन नाही. त्यानं आजार भडकू शकतो. गंभीर नैराश्यात, मरणाच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला आधी औषध आणि माणसांची सोबत. नापिकी, सावकार आणि मुलीचं लग्न यांत अडकलेल्या माणसाला ‘सकारात्मक सूचना’ देणाऱ्या शिबिराला पाठवणं मला निर्दयपणाचं वाटतं. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तुम्ही भाचीला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्या. मानसोपचार विभाग तिथं आहे. मेंदूविकारतज्ज्ञाची गरज वाटली तर तेच पुढं पाठवतील. सेवाग्राम, सावंगी, नागपूर, अकोला इथंही सोय होईल. एक लक्षात ठेवा, संमोहनासाठी आपल्याकडे वेगळी सरकारी नोंदणी नाही. चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र फ्रेम करून कोणीही दुकान मांडू शकतो. म्हणून संमोहन येतं का, हे नंतर विचारा. हा माणूस मुळात मानसोपचारतज्ज्ञ आहे का, म्हणजे वैद्यकीय परिषदेत नोंदलेला, किंवा पुनर्वास परिषदेत नोंदलेला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, ते आधी विचारा. आजींनाही सोबत न्या. देवाला नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या, त्याला माझी हरकत नाही. पोरीला उपाशी ठेवणं, धूर देणं, केस धरून विचारणं यांना आहे.

राहिला भाऊजींचा खर्रा. संमोहनानं तंबाखू सुटते याचा पुरावा कच्चा आहे. बिडी-सिगारेटवर बरेच अभ्यास झाले, पण संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचं ठामपणे दिसलेलं नाही. ज्याला सोडायचंच आहे त्याला तलफेची ती पाच-दहा मिनिटं टाळायला स्वसंमोहनाची मदत होऊ शकते. निकोटिनच्या गोळ्या आणि समुपदेशन यांचा आधार मात्र जास्त भरवशाचा. त्यांना न सांगता, नकळत संमोहन करून खर्रा सोडवता येईल का, असंही बहुतेक घरचे विचारतात. नाही येत. तोंड पूर्ण उघडतं का, गालात पांढरा चट्टा आहे का, तेवढं मात्र याच फेरीत दाखवून घ्या. आणि ते रोज दारूही घेत असतील तर कोणाच्याही सांगण्यावरून एकाएकी बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत खरोखरचे झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ती गोळ्यांच्या आधारानं, दवाखान्यात दाखवूनच सोडवायची असते.